जळगाव ते नाशिक एका दिवसात आणि आरामात : आधी उन्हाचं टाइमटेबल, मग किलोमीटर

जळगावहून नाशिकला गाडीने जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती तास लागतात? आणि उत्तरही ठरलेलं, अरे साडेचार, फार तर पाच. एकट्याने कामासाठी पळायचं असेल तर बरोबर आहे ते. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता चौपदरी. पण गाडीत आई-नाना आहेत, दोन पोरं आहेत, एखादी उलटी होणारी मावशी आहे आणि वाटेत काहीतरी बघायचं-खायचंही आहे, तर पाच तासांचा हिशोब धरून सकाळी दहाला निघणारा माणूस दुपारी तीनला तापलेला, वैतागलेला आणि घरच्यांशी भांडलेला असतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आपल्या खान्देशात ट्रिप किलोमीटरवर प्लॅन करायची नाही, उन्हावर करायची. ऊन कुठल्या वेळेला डोक्यावर आहे, कुठल्या वेळेला डोळ्यांत आहे हे आधी बघा, बाकीचं आपोआप बसतं.

रस्ता दोन तुकड्यांचा आहे. पहिला जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे, म्हणजे आपला जुना नॅशनल हायवे ६, आताचा ५३, नव्वदेक किलोमीटर. दुसरा धुळे-मालेगाव-चांदवड-पिंपळगाव-नाशिक, म्हणजे जुना आग्रा रोड, दीडशेच्या वर. आता गंमत बघा, पहिला तुकडा जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो आणि दुसरा नैऋत्येला. म्हणजे सकाळी निघालात तर सूर्य पाठीशी, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. दुपारी चारनंतर मात्र तोच सूर्य थेट काचेतून डोळ्यांत. परतीच्या प्रवासात बरोबर उलटं, नाशिकहून सकाळी लवकर निघालात तर ऊन तोंडावर आणि जेवून निघालात तर पाठीवर. हे गुगल मॅप सांगत नाही भो, आणि ड्रायव्हर थकण्याचं अर्धं कारण हेच असतं. गॉगल घ्याच, आणि काच आतून पुसा, बाहेरून तर सगळेच पुसतात, पण आतला तेलकट थर उन्हात असा चमकतो की पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही.

पाचोरा-चाळीसगाव-नांदगाव-मनमाडवरून पण जाता येतं, अंतर थोडंफार तेवढंच. पण तो रस्ता गावागावांतून जातो, आणि चाळीसगावला गेलं की पाटणादेवी आहे, केकी मूस यांचं कलादालन आहे, ते बघायला स्वतंत्र दिवस पाहिजे. एका दिवसात नाशिक गाठायचं तर धुळ्यावरूनच जा.

आदल्या दिवशीची कामं

टायरची हवा गाडी थंड असताना चेक करायची, म्हणजे आदल्या संध्याकाळी जवळच्या पंपावर किंवा सकाळी निघाल्या निघाल्या. किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, फुल लोडचा आकडा वेगळा असतो तो बघा, पंपावरच्या पोराला "अंदाजे टाक" म्हणू नका. काही जण उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात, टायर फुटू नये म्हणून. उलटं आहे ते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त घासतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. स्टेपनीतही हवा बघा, जॅक आणि पाना डिकीत आहे ना ते बघा, आणि सगळ्या बॅगा त्याच्यावर रचू नका. कूलंटची लेव्हल थंड इंजिनवर बघायची, गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कोणीही सांगितलं तरी उघडायचं नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, नाशिक सहाशेच्या जवळ, म्हणजे जाताना एकूण चढच आहे, त्यात एसी चालू, त्यात माणसं पाच, इंजिनला काम पडतं.

फास्टॅगमध्ये बॅलन्स टाकून ठेवा. वाटेत पारोळ्याजवळ सबगव्हाण, मग लळिंग, चांदवड आणि पिंपळगाव असे नाके लागतात, आणि टॅग चालला नाही तर टोल जास्तीचा जातो. वारंवार जाणं-येणं असेल तर खासगी गाडीचा वार्षिक पास बघा, १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३००० रुपयांत सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एक नाका म्हणजे एक फेरी, हे लक्षात ठेवून गणित करा, वर्षातून एकदा नाशिकला मामाकडे जाणाऱ्याने उगाच घेऊ नये. कागदपत्रं डिजीलॉकरला असली तर चालतात, पण पीयूसीची तारीख बघा, ती नेमकी संपलेली असते. हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३, ॲम्ब्युलन्सला १०८, बाकी कशालाही ११२. हे नंबर गाडीत बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये पण सेव्ह पाहिजेत.

सीएनजीवाल्यांनी एक करायचं, निघायच्या आदल्या रात्री टाकी भरून घ्यायची आणि पेट्रोलही अर्ध्याच्या वर ठेवायचं, म्हणजे वाटेत रांग दिसली तर बिनधास्त पुढे जाता येतं.

डबा काय न्यायचा

दशम्या. याच्यावर वाद नाही. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एखादं लोणचं, पोरांना केळी. आपल्या जिल्ह्याच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे आणि आपण मात्र प्रवासात कुरकुऱ्याची पाकिटं फोडतो. केळीने पोट भरतं, हात खराब होत नाहीत, साल गाईला घालता येतं. तळलेलं सकाळी देऊ नका, ज्यांना गाडी लागते त्यांना तर मुळीच नाही, त्यांना पुढच्या सीटवर बसवा, मोबाईल बघू देऊ नका, आणि उलटीची गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा तास आधी द्या. उलटी झाल्यावर दिलेली गोळी काही कामाची नाही.

पाणी माणशी दोन लिटर धरा, मार्च ते जून असेल तर जास्त. पन्हं बाटलीत भरून घ्या, ओआरएसची दोन पाकिटं पर्समध्ये असू द्या. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं जुनी माणसं म्हणतात, ठेवा, काही बिघडत नाही, पण पाणी प्या.

आणि इथे एक बोलायची गोष्ट, जी ट्रिप प्लॅन करणारे पुरुष कधीच बोलत नाहीत. घरातल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण वॉशरूम कुठे मिळेल याची खात्री नसते. मग मे महिन्यात पाच-सहा तास कोरड्या घशाने बसतात आणि मुक्कामाला पोचल्यावर डोकं धरतात. याला उपाय एकच, थांबे आधी ठरवायचे आणि ते सगळ्यांना सांगून ठेवायचे. एरंडोल किंवा पारोळ्याचा मोठा पेट्रोल पंप, धुळ्यात जेवायचं हॉटेल, चांदवडला चहा, असे साधारण दीड-दीड तासाला तीन. पंपावरचं टॉयलेट सगळ्यांसाठी असतं, तिथे डिझेल भरलंच पाहिजे असं नाही, कुलूप असेल तर ऑफिसात जाऊन चावी मागायची, लाजायचं नाही. पेपर सोप आणि टिश्यू घेऊनच उतरा.

सकाळचा तुकडा

उन्हाळ्यात साडेपाचला गाडी गेटच्या बाहेर पाहिजे. साडेपाचला उठायचं नाही, साडेपाचला निघायचं. त्यासाठी बॅगा रात्रीच डिकीत, सकाळी फक्त माणसं आणि डबा. हिवाळ्यात एवढी घाई नको, नदीकाठी आणि शेतांवर धुकं असतं, सातला निघा. पावसाळ्यात उजाडलं की निघा.

बांभोरीला गिरणेचा पूल लागतो, बाजूला बहिणाबाई चौधरींच्या नावाचं विद्यापीठ, मग पाळधी, आणि पाऊण तासात एरंडोल. इथून दहाएक किलोमीटर आत पद्मालय आहे. कमळांचं तळं, आणि देवळात एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या सोंडेचा असे दोन गणपती. सकाळी सातला तिथे हवा गार असते, गर्दी नसते, आजी-आजोबा आरामात दर्शन करतात. फक्त तारीख बघून जा, अंगारकी किंवा संकष्टीला तिथे पोचलात तर तुमचा अख्खा दिवस रांगेत. त्या दिवशी पद्मालय सोडून सरळ पारोळा गाठा.

पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे, गावातच. झाशीच्या नेवाळकरांची जहागीर होती ही. किल्ल्याची अवस्था बघून वाईट वाटतं, पण खंदक आणि बुरूज बघायला अर्धा तास ठीक आहे. पद्मालय केलं असेल तर किल्ला बाहेरूनच बघा. दोन्ही करायला गेलात की धुळ्याचं गणित चुकतं. अमळनेर पारोळ्याहून जवळ आहे, साने गुरुजींची शाळा, सखाराम महाराजांची वाडी, १९४५ साली विप्रो जिथे तेलाच्या धंद्यातून सुरू झाली ते गाव, सगळं खरं, पण ते या दिवसात घुसवू नका. एक दिवसाच्या ट्रिपमध्ये जेवण सोडून दोन, फार झालं तर तीन थांबे. घरातल्या प्रत्येकाला एक ठिकाण निवडायचं असतं, त्यांना सांगा की परतीला बघू.

धुळे, म्हणजे दुपारचं आधीच उरकायचं

धुळ्याला साडेनऊ-दहापर्यंत पोचलात तर दिवस तुमच्या हातात. आता ऊन चढायला लागतं, म्हणून छपराखालचं ठिकाण. इतिहासाचार्य राजवाड्यांचं निधन १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच झालं, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि वस्तुसंग्रहालय इथे आहे. जुनी कागदपत्रं आणि मूर्ती बघायची आवड असेल तर तास कसा जातो कळत नाही. समर्थ वाग्देवता मंदिर पण आहे, तिथे रामदासी परंपरेची हस्तलिखितं जपलेली आहेत. दोन्ही ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी कुलूप बघून परत यायला नको. पोरं कंटाळणारी असतील तर पांझरेकाठी एकवीरा देवी, तिथे सावली पण आहे.

जेवण साडेअकराला. हो, साडेअकरा. सकाळी पाचला उठलेल्या माणसाला तेव्हा कडकडून भूक लागलेली असते आणि हॉटेलात जागाही मिळते. आता खरा प्रश्न शेव भाजीचा. खान्देशातून जायचं आणि शेव भाजी खायची नाही हे मी सांगणार नाही, पण गाडी चालवणाऱ्याने तर्रीवर ताव मारून, वर दोन भाकऱ्या आणि ताकाचे दोन ग्लास लावले की तासाभराने मालेगावच्या अलीकडे त्याचे डोळे मिटायला लागतात. ड्रायव्हरने अर्धं पोट खायचं, बाकीच्यांनी काय पाहिजे ते खा. ऑर्डर देताना सांगा की शेव वाढायच्या वेळेला टाका, आधी टाकली की लगदा होतो. तिखट झेपत नसेल तर तर्री कमी करायला सांगा, पोरांना साधं वरण किंवा खिचडी-कढी. हिवाळ्यात गेलात तर शेव भाजी सोडा आणि भरीत मागा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपली हिरवी भरताची वांगी असतात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि पातीचा कांदा. उन्हाळ्यात भरीत मागून "मजा नाही आली" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

ढाबा निवडायचा तर ट्रक किती उभे आहेत एवढंच बघू नका. दुपारी साडेअकराला तिथे फॅमिली बसलेल्या आहेत का ते बघा, आणि आधी एकाने उतरून टॉयलेट बघून या, ते स्वच्छ असेल तर किचनही बहुतेक बरं असतं.

गाडी सावलीत लावा. सावली नसेल तर काचेवर पडदा लावा, स्टीअरिंगवर टॉवेल टाका. पोरगं झोपलंय म्हणून दोन मिनिटं पण गाडीत एकटं ठेवायचं नाही, बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते. परत बसताना आधी चारही काचा उघड्या ठेवून मिनिटभर गाडी चालवा, गरम हवा बाहेर गेली की मग एसी.

धुळे ते चांदवड

साडेबाराला धुळे सोडा. तुम्ही म्हणाल भर दुपारी? हो, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांत नसतो, आणि त्या उन्हात पायी फिरण्यापेक्षा एसी गाडीत बसलेलं बरं. शहर सोडलं की दहाएक किलोमीटरवर डाव्या-उजव्या बाजूला कुरण आणि वर लळिंगचा किल्ला दिसतो, फारुकी सुलतानांच्या सुरुवातीच्या काळातलं महत्त्वाचं ठाणं. चढायचं असेल तर हिवाळ्यातल्या सकाळी, उन्हाळ्यात दुपारी नावही काढू नका. इथल्याच लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ ला थांबले होते, त्यामुळे दरवर्षी ३१ जुलैला इथे मोठी गर्दी असते. अभिवादनाला जायचं असेल तर दिवस तोच निवडा, नाशिक गाठायचं असेल तर दुसरा.

चैत्रात आणखी एक सांभाळायचं. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगी गडाची यात्रा, आणि अख्खा खान्देश पायी निघतो. धुळे-मालेगाव रस्त्यावर पहाटे आणि रात्री कडेने झेंडे घेतलेल्या माणसांच्या रांगा असतात. त्या आठवड्यात अंधारात गाडी चालवू नका, स्पीड कमी, हॉर्न कमी, आणि थांबून पाण्याच्या चार बाटल्या दिल्यात तर फारच छान.

वाटेत झोडगे लागतं. माणकेश्वराचं जुनं दगडी शिवमंदिर हायवेपासून अगदी जवळ आहे, आणि रोज शेकडो गाड्या त्याच्याकडे न बघता निघून जातात. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम बघा, गाभाऱ्यात भर दुपारी पण गार वाटतं. चपला काढल्यावर फरशी तापलेली असते, पायात मोजे ठेवा, हसू नका, कामाला येतं. वीस मिनिटं पुरे.

मालेगाव बाहेरून काढा. काम नसेल तर आत शिरू नका. सौंदाणे, उमराणे गेलं की राहुडचा घाट. घाट मोठा नाही, पण कंटेनर रांगत चढतात आणि आपल्यातले काही त्यांना डावीकडून ओव्हरटेक मारतात. ते करू नका. लेन धरून चला, एसीने गाडी जड वाटली तर दोन मिनिटं बंद करा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. समोर आणि बाजूला सातमाळ्याचे डोंगर दिसायला लागतात, हा या रस्त्याचा सगळ्यात सुंदर भाग, फोटो मागच्या सीटवाल्यांनी काढावेत. परतीला हाच घाट उताराचा असतो, तेव्हा गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग असतात, तुम्ही खालचा गिअर ठेवा.

मागच्या सीटवर पण बेल्ट लावा, कायद्यात तसंच आहे, आणि लहान पोर मांडीवर घेऊन पुढे बसायचं तर अजिबात नाही.

चांदवडला पावणेतीन-तीन होतात. चहा घ्या, पाय मोकळे करा. रेणुकामातेचं देऊळ डोंगराच्या कुशीत रस्त्यालगतच आहे, आणि गावात अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल. दोन्हीपैकी एक. ड्रायव्हर बदलायचा असेल तर इथे बदला.

पाऊस असेल तर

आपली काळी माती विसरू नका. गाडी डांबराच्या खाली उतरवून बाजूला लावली की चाक गेलंच आत, मग ट्रॅक्टर शोधत फिरा. पंप किंवा हॉटेलचं पक्कं आवारच बघा. शेतातून आलेले ट्रॅक्टर चाकाचा चिखल रस्त्यावर सोडतात, तिथे ब्रेक मारला की गाडी घसरते, त्यामुळे शेताच्या वाटा दिसल्या की आधीच स्पीड कमी करा. वायपरचं रबर जूनच्या आधी बदला, शे-दोनशे रुपयांसाठी आंधळी गाडी चालवायची नाही.

शेवटचे साठ-पासष्ट किलोमीटर

चांदवडहून साडेतीनच्या आत निघा. हा पट्टा कांदा, टोमॅटो, द्राक्षांचा. सीझनमध्ये पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे जाणारे भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर पण नसतो. म्हणूनच अंधार पडायच्या आत हा भाग संपवायचा. जानेवारी ते एप्रिलमध्ये रस्त्याकडेला द्राक्षं मिळतात, आधी एक खाऊन बघा मग पेटी घ्या, आणि ती डिकीत उन्हात टाकू नका, पायाशी ठेवा. बेदाणे घ्यायचे तर परतीला.

ओझर गेलं, आडगाव आलं की तुम्ही नाशकात. पाचच्या आत पोचलात तर ठीक, सहा-साडेसहाला द्वारका चौकात सापडलात तर दिवसभर वाचवलेला सगळा वेळ तिथेच जातो. मुक्काम पंचवटीकडे असेल तर द्वारकेपर्यंत जायचंच नाही, आधीच आत वळा. लॉजला किंवा पाहुण्यांना पिंपळगावहून फोन करून गाडी कुठे लावायची ते विचारून ठेवा, रामकुंडाच्या आसपास मोठी गाडी नेऊन पार्किंग शोधणं म्हणजे संध्याकाळ गेली. हिवाळ्यात स्वेटर डिकीच्या तळाला नको, हाताशी पाहिजे, जळगावची थंडी आणि नाशिकची थंडी वेगळी आहे, निफाडचा पारा पेपरात वाचता ना, ते निफाड इथून जवळच आहे.

मिसळ त्याच संध्याकाळी शोधू नका. ती सकाळची गोष्ट आहे, सकाळी आठला जाऊन खा, दुपारी साधं जेवून एकच्या आसपास परत निघा. धुळ्यात चारला चहा, उजेड असेपर्यंत पारोळ्याच्या पुढे, आणि अंधार पडता पडता गाडी जळगावात.